तरवडाची खूण

नांदेड आणि लातूरच्या माळांवर पिवळ्या फुलांनी भरलेले कमरेएवढे झुडूप दिसले, की ते तरवडच असणार असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही निघते. प्रश्न उरलेल्या वेळांचा आहे. झाडाझुडपांची ओळख पटवून देण्याचे काम करणाऱ्याकडे तरवड म्हणून ज्या फांद्या येतात, त्यांत फूल नेहमी जपून आणलेले असते आणि पान मात्र देठाच्या वरून खुडलेले असते. आणणाऱ्याच्या मते फूल म्हणजे पुरावा आणि पान म्हणजे भरताड. तरवडाच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. त्याची पक्की खूण पानाच्या बुडाशी आहे आणि जिथून पान खुडले जाते तिथेच ती फांदीला चिकटून मागे राहते. ही तक्रार फक्त नमुने गोळा करण्याच्या पद्धतीपुरती असती, तर ती वर्गात सांगून संपली असती. पण खूण सुटली की झुडपाचे नाव चुकते, आणि नाव चुकले की ज्या जमिनीवर ते उभे आहे तिच्याबद्दलचे आपले अंदाजही चुकतात. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते पटण्यासाठी आधी ती खूण नीट पाहावी लागेल.

तरवडाचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. शेंगावर्गीय कुळातले हे झुडूप भारत आणि श्रीलंका या भागाचे मूळचे. पान संयुक्त, म्हणजे एका काडीवर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या. जोड्या बहुधा आठ ते बारा, पर्णिका लांबट-गोल आणि शेंड्याला बारीकसे काट्यासारखे टोक. इथवर सांगितलेले वर्णन इतर चार-पाच झुडपांनाही लागू पडेल. पण पान जिथे फांदीला जोडलेले असते तिथे, देठाच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडाच्या आकाराची दोन रुंद हिरवी उपपर्णे असतात. ती पातळ, पानासारखी असतात आणि पान जून झाले तरी सहसा गळत नाहीत. दुसरी खूण त्याच काडीच्या वरच्या अंगाला आहे. पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध बारीक, उभी, टोकेरी ग्रंथी असते. बोट फिरवले तर जाणवते, भिंग असेल तर स्पष्ट दिसते. रुंद, टिकणारी उपपर्णे आणि जोडीजोडीला ग्रंथी या दोन्ही गोष्टी एकत्र सापडल्या, तर आपल्या भागात दुसऱ्या नावाचा विचार करायची गरज पडत नाही. दोन्हींचा आग्रह का, हेही सांगायला हवे. गजकर्णावर लावतात त्या दादमर्दनाची उपपर्णेही ठसठशीत असतात. पण त्याची पर्णिका तळहाताएवढी आणि काडीवर ग्रंथी अजिबात नाही. उलट सेना युनिफ्लोरा या तरवडाच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या वनस्पतीच्या काडीवर ग्रंथी असतात, पण उपपर्णे केसासारखी बारीक. एकाच खुणेवर विसंबणारा इथे हमखास फसतो.

आता फुलाकडे वळू, कारण फसवणुकीचे कारण तिथेच आहे. तरवडाचे फूल चांगले चार-पाच सेंटिमीटरचे, पाच पाकळ्यांचे, दहा पुंकेसरांचे. त्यांतले वरचे तीन वांझ. फुलात मध नसतो. परागकोश उभे चिरत नाहीत, टोकाच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतात, आणि ते पाडायला भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो. माळावर ऑक्टोबरात भुंग्याची गुणगुण एकाएकी वरच्या पट्टीत जाते, ती याच वेळी. ही सगळी रचना परागासाठी येणाऱ्या मोठ्या मधमाशा आणि भुंगे यांच्यासाठी आहे, आणि सेना या प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्या भावंडांनी ती थोड्याफार फरकाने राखली आहे. टाकळा घ्या, कासविंदा घ्या, रस्त्याकडेचा काशीद घ्या, बागेतला पिवळा कॅसिया घ्या, फुलाचा साचा तोच. फरक आकारमानात आणि छटेत असतो, आणि या दोन गोष्टी ऊन, पाणी आणि फुलाचे वय यांनी बदलतात. म्हणून ज्या अवयवावर आपले डोळे सर्वांत आधी जातात, तोच इथे सर्वांत कमी सांगतो.

गोंधळ ज्यांच्याशी होतो ती झुडपे सारखी नाहीत. टाकळा वेगळा काढणे सोपे. पर्णिकांच्या तीनच जोड्या, लांब बारीक शेंगा, पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळणारा, आणि कोवळेपणी भाजीला जाणारा. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, चुरगळल्या तर उग्र वास, आणि देठाच्या बुडाशी एकच गोल ग्रंथी. त्याला ओळखणे जिवावरचा प्रश्न ठरू शकते. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्यात लहान मुले दगावत होती आणि वर्षानुवर्षे तो मेंदूज्वर समजला जात होता. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की मुलांनी खेळता-खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ले होते. काशीद हा आग्नेय आशियातला वृक्ष, पण रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीत वीतभर असतो तेव्हा त्याचे पान तरवडाशी बऱ्यापैकी जुळते. उपपर्णे नखाएवढीही नसतात आणि ग्रंथी नसतातच, हे पाहिले तरच फरक कळतो. शहरातल्या दुभाजकांवरची पिवळी घंटीफुले तर शेंगावर्गीयही नाहीत. त्यांची पाने फांदीवर समोरासमोर आणि पर्णिकांच्या कडा दातेरी, तरी फोटोत त्यांनाही कोणी ना कोणी तरवड म्हणतोच.

पानाचे बूड हरवले की ओळख किती अवघड होते, याचा जुना दाखला औषधी व्यापारात आहे. सोनामुखीची वाळलेली पाने रेचक म्हणून भारतातून परदेशी जात. त्यांत तरवडाच्या पर्णिकांची भेसळ सापडू लागली आणि औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती 'पालथे सेन्ना' या नावाने नोंदली गेली. सुट्या वाळक्या पर्णिकांत उपपर्णे नाहीत, काडी नाही, ग्रंथी नाहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे केस पाहायचे, किंवा तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकून लाल रंग येतो का ते पाहायचे, अशा कसोट्या लावाव्या लागल्या. फांदीवर नुसत्या डोळ्यांनी उरकणारे काम पान सुटे झाल्यावर प्रयोगशाळेत गेले. तरवडाच्या फुलांचा आणि सालीचा काढा मधुमेहावर घेणारे आजही पुष्कळ आहेत. त्या उपचाराचा गुण किती हा वेगळा वाद आहे. पण पुडीत तरवडच आहे का, हा प्रश्न त्या वादाच्या आधी येतो.

जमिनीचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. नांदेडला किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, पण कंधार, मुखेड, देगलूर या बाजूला बालाघाटाचे उघडे डोंगर आणि गायरानेच. अशा ठिकाणी जमिनीचा पूर्वेतिहास सांगणारी मोठी झाडे शिल्लक नसतात. सांगितलाच तर झुडपे सांगतात. तरवडाला शेळीही सहसा तोंड लावत नाही. जिथे वर्षानुवर्षे चराई झाली, गवत आणि गोड पाल्याची झुडपे संपली, तिथे तरवड उरतो आणि दाटतो. मुरमाड, उथळ जमिनीवर त्याचे दाट, जुने, जाड बुंध्याचे ताटवे दिसले, तर ती जमीन बरीच वर्षे नांगराखाली गेलेली नाही आणि भरपूर चरली गेली आहे, असा अंदाज बांधता येतो. सेना युनिफ्लोरा नेमके दुसरे काही सांगते. ही अमेरिकेतून आलेली वर्षायू वनस्पती, गाजरगवताला शह देईल म्हणून कर्नाटकात तिचा मुद्दाम प्रसारही झाला होता. ती येते ती नुकत्याच उकरलेल्या, भराव टाकलेल्या, रस्त्याकडेच्या जमिनीवर. म्हणजे एक पिवळे झुडूप जुन्या, न मोडलेल्या माळाची साक्ष देते आणि दुसरे ताज्या मोडतोडीची. नोंदवहीत दोन्हींसमोर तरवड लिहिले, किंवा दोन्हींसमोर नुसते झुडपे लिहिले, तर साक्षच उलटते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशावलीत 'दाट झुडपांची जमीन' आणि 'विरळ झुडपांची जमीन' असे वर्ग आहेत. उपग्रहाला त्याहून जास्त दिसत नाही, त्याला दोष नाही. पण त्या नकाशावरून पुढे लागवडीचे खड्डे कुठे खणायचे हे ठरते, आणि तिथे तरी कोणीतरी खाली वाकून पाहायला हवे. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे वाढत गेली. इतक्या घाईत जागा साफ करताना यंत्राच्या दातांखाली आधी काय जाते, ते सांगायची गरज नाही.

इथे जाणकार माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. तरवड दाटला म्हणजे माळ बिघडला, असे तुम्हीच म्हणता. मग बिघाडाच्या खुणेची एवढी राखण कशाला? ती काढून चांगले गवत आणि झाडे लावली तर काय वाईट? यातला पहिला भाग मला मान्य आहे. तरवडाचे रान हे माळाचे आदर्श रूप नव्हे, आणि जिथे गवताळ माळ परत आणायचा आहे तिथे तरवड विरळ करणे योग्यही ठरू शकते. पण त्यासाठी आधी तो तरवडच आहे हे ठरवावे लागते. शिवाय खूण पुसली म्हणून बिघाड बरा होत नाही; चराई तशीच राहिली, तर काढलेल्या तरवडाच्या जागी नवे गवत टिकत नाही, युनिफ्लोरा आणि गाजरगवत मात्र टिकतात. शेळीला नको असलेल्या या झुडपाच्या बुडाशी, काटक्यांच्या आडोशाला, कडुनिंबाची आणि बोरीची रोपे तग धरून राहिलेली माळावर जागोजागी पाहायला मिळतात. ती रोपे मोजायची तर आधी झुडूप ओळखायचे, मग त्याच्या आत पाहायचे. यंत्र हे दोन्ही करत नाही.

तरवडाची बाजू घेणारेही कधी कधी चुकीचा युक्तिवाद पुढे करतात. शेंगावर्गीय आहे, म्हणजे मुळांवर गाठी असणार, हवेतला नत्र जमिनीत देणार. सोयाबीन आणि हरभरा घेणाऱ्या भागात हे लगेच पटते. पण सेना प्रजातीच्या मुळांवर अशा गाठी सहसा येत नाहीत. शेंग येते म्हणून नत्र देते, असे या कुळात सरसकट म्हणता येत नाही. तरवडाची किंमत करायची तर ती त्याच्याकडे असलेल्या गोष्टींवर करावी. ७०० ते ८०० मिलिमीटर पावसाच्या आणि त्यातही लहरी पावसाच्या प्रदेशात उघडा मुरूम धरून ठेवणारी मुळे, पावसाळा सरल्यावर भुंग्यांना मिळणारा पराग, पानांवर वाढणाऱ्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या, आणि टॅनिनने भरलेली साल. त्या सालीवर एके काळी दक्षिण भारतातला कातडी कमावण्याचा धंदा बराचसा चाले. पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॅटलची साल आली आणि मागणी घटली. नत्राचा खोटा गुण चिकटवला की एखाद्या दिवशी कोणीतरी मुळे उपटून पाहतो, गाठी सापडत नाहीत, आणि मग खरे गुणही संशयात जातात.

गावातल्या लोकांना हे सगळे आधीपासून माहीत आहे, वनस्पतिशास्त्राचा आव कशाला, असेही म्हटले जाते. माहीत आहे, यात शंका नाही. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढवणाऱ्या घरातली आजी उपपर्णांचे नाव न घेता अचूक झुडूप गाठते. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात त्याच दिवसांत बतुकम्मा, म्हणजे सणाचा फुलांचा मनोरा, रचताना कुरडूबरोबर हीच फुले लागतात, आणि त्या राज्याने तर तरवडाच्या फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. पण हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना रोपांची यादी करताना कोणी विचारत नाही, आणि यादी करणाऱ्यांकडे ते नाही. दोघांमध्ये कागद लागतो. तो कागद आपल्याकडे पातळ आहे, याला इतिहासही कारण आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि पश्चिम महाराष्ट्रातले अभ्यासक शंभर वर्षे त्यावर उभे राहिले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तो त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. व्ही. एन. नाईक यांचे उस्मानाबाद जिल्ह्यावरचे पुस्तक १९७९ मध्ये आले. त्यातून लातूर जिल्हा वेगळा व्हायला तेव्हा अजून तीन वर्षे होती. त्यांचाच मराठवाड्याचा ग्रंथ १९९८ चा. ग्रंथ झाले तरी तालुक्या-तालुक्यातले नमुने लागतातच, आणि दुर्मीळ वनस्पतीचा नमुना जो तो करतो. तरवडाचा कोण करणार? तो तर सगळीकडे आहे. तरवड धोक्यात आहे असे मी म्हणत नाही, तसा तो नाहीच. पण सर्रास आढळणारी वनस्पती कुठे किती होती हे कोणी लिहून ठेवत नाही, आणि ती कमी झाली तर कशाशी ताडून पाहायचे हे कळत नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. फोटोवरून नाव सांगणारी ॲप वाईट नाहीत. फोटोत चांगले फूल असेल तर सेना प्रजातीपर्यंत ती बिनचूक पोचतात. त्यापुढे ती अंदाज करतात, कारण पुढचा पुरावा फोटोत आलेलाच नसतो. पानाचे बूड आणि काडीची वरची बाजू जवळून टिपली, तर तेच ॲप पुष्कळ बरे उत्तर देते, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या माणसाला ते उत्तर तपासता येते. नुसत्या फुलाच्या फोटोखाली लिहिलेले नाव बरोबर असले, तरी ते बरोबर आहे हे कोणाला दाखवता येत नाही. शास्त्रीय नावेच बदलतात, मग त्यांचा भरवसा काय, असे विचारणाऱ्यांनाही उत्तर इथेच आहे. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नबी यांनी कॅसिया या जुन्या मोठ्या प्रजातीचे तीन भाग केले आणि तरवड सेनामध्ये गेला. त्याने उपपर्णांचा आकार बदलला नाही. बदललेल्या नावाचा खरा त्रास रोपवाटिकेत होतो, जिथे कॅसिया हे जुने नाव अजून चालते आणि त्या एका नावाखाली काशीद, बागेतले झुडूप आणि तरवड अशी तिन्ही रोपे विकली जातात.

म्हणून देशी झुडपे लावू इच्छिणाऱ्या शाळा, ग्रामपंचायती किंवा बांधावर कुंपण हवे असलेले शेतकरी यांनी रोप विकत घेण्यापेक्षा बी गोळा करणे बरे. रोप अगदी लहान असताना त्याची पहिली पाने अपुरी असतात, पर्णिकांच्या जोड्या कमी आणि उपपर्णे बारीक; त्या वयात जाणकारालाही ठाम सांगता येत नाही. फळलेल्या झुडपाच्या बाबतीत ही अडचण नाही. फुलोरा सरल्यावर, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत शेंगा वाळतात. त्या बोटभर लांब, चपट्या, कागदासारख्या, आणि आतल्या बियांच्या मधल्या जागी लाटेसारख्या दबलेल्या असतात. शेंगा तोडण्याआधी त्याच फांदीवरचे पूर्ण पान, फांदीचा तुकडा आणि उपपर्णे यांसह कापून वर्तमानपत्रात दाबावे, कागदावर गाव, शिवार आणि तारीख लिहावी, आणि तीच तारीख बियांच्या पुडीवर टाकावी. बियांचे कवच कठीण असते. गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा वाळूवर घासल्याशिवाय ती नीट उगवत नाहीत. उगवल्यावर पिशवीवर पुडीवरची तारीख चिकटवली, की पुढच्या जूनमध्ये खड्ड्यात काय जाते आहे ते रोपाकडे पाहून ठरवत बसावे लागत नाही. दाबलेले पान जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दिले, तर तिथल्या कपाटात त्या तालुक्याचा तरवडाचा कागद जमा होईल.